फडकं बांधलेली सायकल

दयाराम घरतला दुकान नाही, कधी नव्हतंच. पनवेलच्या आजूबाजूला तीस वर्षं तो स्वतःच सायकलवरून फिरतो आणि लोकांच्या सायकली दुरुस्त करतो. मंगळवारी नेरे, बुधवारी रोडपाली, शुक्रवारी कामोठे. त्याच्या गावांत एक रीतच पडून गेलीय. सायकल बिघडली की ती ओट्याला टेकवून ठेवायची आणि जिथं दुखणं असेल तिथं फडकं बांधायचं. ब्रेकला, चेनला, चाकाला. घरची माणसं शेतावर असोत नाहीतर लग्नाला, दयाराम येतो, फडकं सोडतो, काम करतो, फडक्याची घडी कॅरिअरला खोचतो आणि पुढच्या घरी जातो. विचारायचं कुणाला आणि कशाला?

पण अलीकडे कामोठ्यात गिअरच्या सायकली आल्या, तेलावर चालणारे ब्रेक आले आणि गड्याचं घोडं अडलं. तिथल्या निकेश नावाच्या पोराच्या तर पहिल्या तीनचाकीपासूनच्या सायकली दयारामच्या हातून गेलेल्या. तोच निकेश परवा नवी गिअरची सायकल मागं ओढत म्हणाला, "काका, हिला हात नका लावू हं. बिघडेल." बोलला बिचारा साध्या मनानं, पण दयारामच्या काळजाला घरं पडली. त्याला जेवण गोड लागेना. बायको हौसा करवादलीच, "तोंड पारून काय व्हनार हाय? शिकून घ्या की!"

मग निकेशनंच शोधून काढलं. मुंबईत सायकलींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथं एक कंपनी मेकॅनिक लोकांना पाच दिवस नव्या सायकलींचं काम शिकवणार होती, नावं प्रदर्शनातच नोंदवायची. दयारामनं इस्त्रीचा शर्ट चढवला, सवयीनं स्पोकची चावी खिशात टाकली आणि कळंबोलीहून बस धरली.

आत पाऊल टाकलं आणि गडी जागच्या जागी उभाच! अगं आई गं, सायकली तरी किती! भिंतीवर सायकली, छताला टांगलेल्या सायकली. एकानं हातात नुसती फ्रेम दिली. दयारामनं पाय रोवून, दम धरून ती उचलली, तर ती रिकाम्या सुपासारखी वर आली! कुठं चेनच्या जागी पट्टा, कुठं तारेशिवाय बदलणारे गिअर. प्रत्येक सायकलीपुढं त्याला वाटे, चपला काढून उभं राहावं. खोटं कशाला सांगू, त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. तीस वर्षं जिच्या पोटात हात घातला, तिचा गोतावळा एवढा मोठा आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. हे सगळं शिकल्याशिवाय मरायचं नाही, असं त्यानं तिथंच ठरवलं.

नाव नोंदवायच्या टेबलाशी हेतल नावाची कंपनीची इंजिनिअर बसली होती.

"काका, दुकानाचा पत्ता?"

"दुकान नाय ना ताई."

"मग अवघड आहे. पत्त्याशिवाय फॉर्म पुढे जातच नाही."

संपलं! दयाराम मान खाली घालून वळला. चार पावलांवर चौथऱ्यावर एक रुपेरी सायकल उभी होती आणि तिच्या मागच्या चाकाला लाल फीत बांधलेली होती. ती पाहुण्यांनी कापायची होती, पण दयारामला काय ठाऊक! त्याला दिसलं ते चाकाला बांधलेलं फडकं. हात आपोआप पुढं गेले. फीत सोडली, चाक फिरवलं, अंगठ्याचं नख रिमजवळ धरलं आणि डोळे मिटले. एका जागी रिम नखाला घासली.

"चाक आऊट हाय, डुगतंय," तो पुटपुटला. चावी काढून दोन स्पोक आवळले, एक सैल केला. मग फितीची नीट घडी घातली आणि खोचायला कॅरिअर शोधू लागला. कॅरिअरच नव्हतं.

"ओ! काय करताय?" गार्डनं दंड धरला. हेतल धावत आली, रागानं लालबुंद. "साडेतीन लाखांची सायकल आहे ही! कुणी सांगितलं हात लावायला?"

"फडका बांधलेला व्हता ताई," दयाराम रडकुंडीला आला. अडखळत त्यानं आपल्या गावांची रीत सांगितली.

त्यानं काय बिघडवून ठेवलंय ते बघायला हेतलनं चाकाला त्याचा बाक मोजायचं काट्याचं घड्याळ लावलं आणि चाक फिरवलं. काटा हलला नाही. तिनं पुन्हा फिरवलं. काटा ढिम्म.

"सकाळी ट्रकमधून उतरवली तेव्हा चाक आऊट होतं," ती हळूच म्हणाली. "वेळ नव्हता म्हणून तशीच ठेवली. तुम्ही मोजलंत कशानं?"

दयारामनं अंगठा पुढं केला. नखात ग्रीस भरलेलं. हेतल त्या नखाकडं बघतच राहिली, जसा तो मघापासून तिच्या सायकलींकडं बघत होता.

मग ती त्याला टेबलाशी घेऊन गेली आणि फॉर्म ओढला. नाव लिहिलं, वय लिहिलं. पत्त्याच्या रकान्याशी पेन अडलं.

"काहीतरी लिहावंच लागेल, काका. तुम्ही सापडता कुठं?"

दयारामनं डोकं खाजवलं.

"लिवा ना ताई, जिथं फडका बांधलेला असंल तिथं."

हेतलनं अक्षर न् अक्षर तसंच लिहिलं आणि खाली कंपनीचा शिक्का मारला.