रोसिलीचेचीचं स्टूल

आमच्या त्रिशूरमध्ये साडी घेणाऱ्या बाईला बसायला गादीचं स्टूल आणि वर चहा मिळतो. साडी दाखवणारी मात्र सकाळी साडेनऊपासून दुकान बंद होईपर्यंत उभी. गिऱ्हाइकासमोर बसणं म्हणजे आळस. शिवाय चपला मागच्या दाराशी काढायच्या, कारण संगमरवरावर ओरखडे उठतात. टाचांचं काय होतं ते कुणाला दिसत नाही.

आमच्या शेजारची रोसिली अशाच एका दुकानात बावीस वर्षं उभी आहे. सगळे तिला चेची म्हणतात, म्हणजे ताई. गेल्या वर्षी तिची उजवी टाच दुखायला लागली. बसून उठलं की पहिल्या पावलाला खिळा ठोकल्यासारखी कळ यायची. डॉक्टर म्हणाले, "कडक फरशीवर अनवाणी उभं राहू नका. मऊ टाचेच्या चपला घाला. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा. तळव्याखाली बर्फाची बाटली फिरवा. आणि मधूनमधून बसा."

"डॉक्टर, यातली भिंत तेवढी आमच्या दुकानात आहे," चेची म्हणाली.

तिनं बाटली नेली. वर सोनेरी काठाची कसवू साडी उलगडायची, खाली बाटली फिरवायची. तीन दिवस निभावलं. चौथ्या दिवशी सुपरवायझर सुगुणननं कॅमेऱ्यात पाहिलं.

"चेची, पाय का नाचतोय? गिऱ्हाइकाला वाटेल, बाईच्या अंगात आलंय!"

बाटली जप्त झाली आणि गोष्ट मालकांपर्यंत, वर्गीस मुतलाळींपर्यंत गेली. ते हळहळले. "लंगडणारी बाई काउंटरवर बरी नाही दिसत. ओणमपर्यंत बघू, नाहीतर तळघरातल्या गोदामात पाठवू." तळघरात गेलेली बाई परत वर आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. चेची त्या दिवसापासून ओठ दाबून सरळ चालू लागली.

मुतलाळी मनाचे वाईट नाहीत. त्यांनी लगेच पायांच्या निगेवर व्याख्यान ठेवलं. खुर्च्या पाहुण्यांना. विक्रेत्या बाया मागं भिंतीला लागून. उभं राहण्याचे दुष्परिणाम त्यांनी दीड तास उभ्यानंच ऐकले आणि शेवटी टाळ्याही वाजवल्या.

मग दुकानातल्या बायांना बसू देण्याचा सरकारी कायदा आला. प्रत्येक काउंटरमागं एकेक स्टूल आलं. रिकामं स्टूल ओकंबोकं दिसतं म्हणून सुगुणननं त्यावर पितळी समई ठेवली.

ओणमच्या आठवड्यात मी साडी घ्यायला गेले होते. इतक्यात सरकारी निरीक्षक बाई जिना चढताना दिसल्या. सुगुणन धावत सुटला.

"बसा, बसा सगळ्या! समया खाली ठेवा! अगं, बस की!"

बाया दाखवायला आणलेल्या मुलींसारख्या स्टुलांच्या कडेवर टेकल्या. निरीक्षक बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, चहाला नको म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

"उठा आता!"

सगळ्या उठल्या. रोसिलीचेची उठली नाही.

"चेची, ऐकू नाही आलं?"

"आलं की रे. पण सुगुणा, माझी टाच बसल्यावर नाही दुखत, उठल्यावर दुखते. आता उठले तर लंगडणार. आणि लंगडी बाई मुतलाळींना काउंटरवर नको. तूच सांग, बसू की लंगडू?"

सुगुणननं गल्ल्यावरच्या मुतलाळींकडं पाहिलं. मुतलाळींनी खिडकीतून खाली पाहिलं. निरीक्षक बाई अजून दारातच छत्री उघडत होत्या.

माझ्या शेजारी साडी बघत बसलेल्या म्हातारीनं तेवढ्यात तोंड घातलं. "बसू दे रे तिला! मघापासून वर बघून बघून माझी मान अवघडली. आत्ता कुठं साडी नीट दिसतेय." तिनं त्याच काउंटरवर तीन साड्या घेतल्या, मी एक. पलीकडच्या काउंटरवरची बाई हळूच बसली. मग तिच्या पलीकडची.

मुतलाळी विकलेल्या साड्यांकडं तेवढं बघत राहिले.

ओणम झाला, पण चेची तळघरात गेली नाही. दुकानावर मोठा फलक लावायचं ठरलं: 'आमच्या विक्रेत्या सन्मानानं बसतात. माणुसकी ही आमची परंपरा.' त्यावर फोटो चेचीचा. फोटोग्राफरनं कॅमेरा लावला, दोनदा मान तिरकी केली आणि म्हणाला,

"चेची, जरा उभ्या राहता का? साडीचा काठ दिसत नाहीये."

"बाबा रे," मांडीवरची साडी सारखी करत चेची म्हणाली, "मी बावीस वर्षं उभी होते. तू उशिरा आलास. आता तूच खाली वाक."