ढोल उघडला तो बोईसरला

एडवणच्या सागर पार्टीच्या दोन कॅसेटी निघाल्या. चाली जवळपास त्याच, वाजवणारे तेच. तरी दुसरी लावली की फळीवरचे पेले वाजायचे आणि पहिली मात्र कोणी घोंगडी पांघरून बोलावं तशी. मधे बदलली होती ती फक्त कॅसेट कंपनी, म्हणून श्रेय तिलाच मिळालं. ढोल वाजवणाऱ्या धर्माजीकाकांना विचारलं, तर ते चिकूच्या झाडांकडे बघत म्हणत, "असंल."

पार्टी कमलाकांतची. तारापूरला कारखान्यात लागल्यावर त्याने इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि लग्नातल्या जुन्या चाली तिच्यावर बसवल्या. एकेक वाजप लांबलचक. मधेच ताल बदलायचा, नाचणारे गोंधळायचे, मग खूश व्हायचे. मुंबईच्या कंपनीत पहिली कॅसेट भरताना काचेपलीकडचा माणूस सारखा सांगत होता, "काका, ढोल जोरात." काका मान डोलवायचे आणि तसंच वाजवायचे.

ती कॅसेट दुकानात पडून राहिली.

"काका, तुमचा हात म्हातारा झाला," कमलाकांत म्हणाला. "आता बोईसरच्या कंपनीत बघू. तिथंपण असंच झालं तर तालाचं मशीन घेऊ. ते जेवायला पण मागत नाय."

सगळे हसले. काकाही हसले. घरी येऊन मात्र ढोल ओटीवर ठेवून बराच वेळ नुसतेच त्याच्याशेजारी बसले.

बोईसरची कंपनी म्हणजे कॅसेटच्या दुकानावरची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. नव्या खोलीतलं पहिलंच काम, म्हणून मालकाची आई मैनाबाई ताट घेऊन जिना चढून आली. तिने मशीनला कुंकू लावलं, गिटारला लावलं, ढोलाला लावलं. नारळ फोडला आणि विडा काकांच्या हातात दिला, कारण वयाने तेच मोठे. काकांनी बाह्या सरसावल्या. पहिल्याच ठोक्याला मशीनवरचा काटा टोकाला गेला. मालकाने वाजप थांबवून माइक दारापर्यंत मागे नेला.

परतताना एसटीत कमलाकांत म्हणाला, "कंपनी बदलली ते बरं झालं. मशीन भारी हाय यांचं."

ती कॅसेट घरी ऐकल्यावर प्रेमलाकाकूंनी नवऱ्याला विचारलं, "मशीन कसलं? विडा कोणी दिला ते सांगा."

काकांच्या वडिलांपासूनची ती रीत. ज्याच्याकडे वाजवायचं, त्या घरच्याने ढोलाला कुंकू लावून विडा दिला की मगच ढोल पुरता उघडायचा. तोवर हात राखून. लग्नघरी हे सांगावं लागत नाही. मुंबईत कोणाला ठाऊकच नव्हतं.

"मग तिथं बोललात का नाय?"

"मान मागून घ्यायचा?"

"ढोल गेला असता हातातून."

"गेला असता."

"निदान आता कमलाकांतला सांगा."

"नको. तो मुद्दाम ताट मांडून ठेवील. सांगून मांडलेल्या ताटाला हात कसा उघडंल?"

तिसऱ्या कॅसेटचा दिवस ठरला. खोली आता नवी नव्हती. मैनाबाई पुन्हा जिना चढेल याची खात्री नव्हती आणि कमलाकांतने तालाच्या मशीनचा विषय पुरता सोडला नव्हता. निघायच्या दिवशी काका ढोल घेऊन अंगणात आले, तर काकू ठेवणीतलं लुगडं नेसून उभ्या.

"मीपण येते. मैनाबाईंची ओळख करून घेते."

काकांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "तिला काय सांगणार नाय ना?"

"मी कशाला सांगू? बायका बसल्या की विषय कुठून कुठं जातो."

काका ढोल खांद्यावर घेऊन थांब्याकडे निघाले, नेहमीपेक्षा जरा हळू, काकूंना गाठता यावं म्हणून.