नऊ ते सहा बंद दार

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजही नीट कळत नाही, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही मुलीच्या कॉलेजची. पुढची पानं तिच्या इंग्रजीने भरलेली आहेत, मी मागून लिहिते. कुणाला दाखवायची नाही. पण ते दार डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून लिहिते.

मुलगी इंदूरला कॉम्प्युटर सायन्स शिकली. फीसाठी माझ्या नेपानगरच्या थोरल्या बहिणीने ऐंशी हजार उसने दिले होते. पास होऊन घरी आली आणि वर्षभर तिने अर्जच केले. लॅपटॉपसमोर बसून परीक्षा द्यायची. दोनदा मुलाखतीपर्यंत पोचली आणि राहिली. तिसऱ्या वेळी समोरच्याने काही विचारलं आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. मी भिंतीपलीकडे पावरलूमच्या सुताच्या कांड्या भरत होते. हात थांबला. तो माणूस दोनदा 'हॅलो, हॅलो' म्हणाला आणि फोन बंद झाला. त्यानंतर फोन वाजला की ती दचकायची.

शनवारा चौकाजवळची आमची गल्ली अरुंद आहे. दुपारी सगळ्या बायका ओट्यावर काम घेऊन बसतात. एकीने विचारलं, "काय वं, पोरगी शिकून आली ना? मग घरातच कशी?"

मी कुणाशी फार बोलत नाही. त्या दिवशी मात्र तोंडातून निघून गेलं, "घरूनच काम करते. कंपनीचं."

"हां, वर्क फ्रॉम होम! माझा भाचा बी तेच करतो. तनखा किती?"

"नवीन आहे अजून," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी न्हाऊन केस वाळवायला ओट्यावर आली. तीच बाई म्हणाली, "ड्यूटी सोडून उन्हात काय गं? साहेब रागावत नाही?" मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

तेव्हापासून नऊ ते सहा ते दार बंद. मी बोलले होते आणि तिला ते पाळावं लागत होतं. दुपारी बाजारात जाता येईना, मैत्रिणीकडे जाता येईना, ओट्यावर तर नाहीच. भाजीवाला आमच्या दारापुढे आवाज खाली करायचा, "मॅडम मीटिंगमध्ये असतील." पोरं खेळता खेळता गप्प होऊन पुढे जायची. घरात कुणी गेलंय असं वाटायचं. तिचे वडील लूमवरून जेवायला येत, तेही ताट वाजू देत नसत.

सुरुवातीला आतून तिचा आवाज यायचा. मुलाखतीत स्वतःची ओळख सांगतात, ती इंग्रजी वाक्यं ती घोकायची. मला अर्थ कळत नव्हता, पण कांड्या भरता भरता ती मला पाठ झाली. चौथ्या वाक्याला ती अडायची, रोज तिथेच. मग पुन्हा पहिल्यापासून. पुढे तोही आवाज बंद झाला. मी दाराला कान लावून श्वास ऐकायचे.

एकदा चहा घेऊन आत गेले. ओढणी नीट पिन केलेली, केस बांधलेले, पाठ ताठ. समोर लॅपटॉप होता आणि तो चालूच नव्हता. काळ्या पडद्यात तिचा चेहरा दिसत होता. "ठेव तिथे," ती म्हणाली. मी चहा ठेवला आणि बाहेर आले. त्याच वेळी ओट्यावर जाऊन खरं सांगायला हवं होतं. मी कांड्या भरत बसले. आजही भरदिवसा घर शांत झालं की मला तो पडदा दिसतो.

असे सात महिने गेले. मग बातमी नेपानगरला पोचली आणि ताई आली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "आता पोरगी कमावते. माझे पैसे सुरू करायला काय हरकत आहे? वरचं छत टाकायचंय."

"देऊ ताई, पुढच्या महिन्यापासून," मी म्हटलं. कुठून देणार होते, कुणास ठाऊक.

दार उघडलं. दुपारचे दोन वाजले होते.

"मावशी, मला नोकरी नाही. कधीच नव्हती. आई खोटं बोलली आणि मी त्यात बसून राहिले."

ताई तिच्याकडे वळली. "मग इतके दिवस आत करत काय होतीस?"

"काही नाही."

"वेड्या का गं तुम्ही दोघी? पैसे मी सोडणार नाही, सांगून ठेवते. पण हिचं तोंड बघ कसं पिवळं पडलंय. तेल आण."

आणि ताईने तिला भर दुपारी ओट्यावर बसवून सगळ्या बायकांसमोर डोक्याला तेल चोळलं.

"काय गं, कंपनी बंद पडली का?" समोरची हसली.

"उघडलीच नव्हती, काकू," मुलगी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण वाक्य पुरं झालं.

आठ-दहा दिवस गल्ली हसली. मग त्याच काकूंनी सांगितलं, त्यांच्या नवऱ्याच्या ओळखीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कॉम्प्युटरला माणूस हवाय. कापसाच्या गाड्यांचं वजन टाकायचं, पावती काढायची. हे काम बारावीचाही करेल, हे तिलाही माहीत होतं. पहिल्या दिवशी ड्रायव्हर ओरडले, "मॅडम, जोर से बोलो!" आणि ती रडत घरी आली. तरी दुसऱ्या दिवशी गेली. महिन्याभराने मी डबा द्यायला गेले तेव्हा ती खिडकीतून ओरडत होती, "ओ ट्रॅक्टरवाले भैया, आगे लो, पीछे लाइन लगी है!" मी फाटकाशी जरा वेळ उभीच राहिले.

पुढच्या हंगामात तिने तिथला हिशेबाचा प्रोग्राम स्वतः लिहिला. पगार थोडा वाढला. पुण्याच्या कंपन्यांच्या मुलाखती अजून देते, दार उघडं ठेवून. अजून जमलेलं नाही.

ताईला दर महिन्याला जमेल तसे पाठवत गेलो, कधी दोन हजार, कधी तीन. अडीच वर्षांहून जास्त लागली. गेल्या रविवारी आम्ही दोघी नेपानगरला गेलो. मुलीने शेवटचे चार हजार ताईच्या हातावर ठेवले. ताईने मोजून घेतले आणि "फिटले" म्हणाली. ऐंशी हजार सगळे फिटले.