झांबियाचं गाऱ्हाणं

करी रोडच्या देवळात दर सोमवारी एक निवृत्त मालवणी गृहस्थ नारळ कपाळाला लावून गाऱ्हाणं घालायचे, "बा देवा म्हाराजा, झांबियातल्या मक्यार वेळेर पाऊस पडांदे." रांगेतले आम्ही सवयीनं म्हणायचो, "व्हय म्हाराजा."

झांबियाला खत पुरवणाऱ्या कंपनीच्या शेअर्समध्ये त्यांनी सगळा फंड घातला होता. तिथे पाऊस नाही, तर खताला गिऱ्हाईक नाही.

"मग शेअरच वाढू दे म्हणा ना," मी सुचवलं.

"देवाकडे पैसे मागतत?" ते चिडले.

परवा म्हणाले, शेअर्स तोट्यात विकले. हातात नारळ होताच.

"मग आता हा कशाला?" मी विचारलं.

"शेतात मको उभो आसा," ते म्हणाले. "अर्ध्यार सोडून कसा चलात?"