आधी सापडलेलं कार्ड

वॉर्डातल्या सिस्टर त्याला वायरकाका म्हणत, कारण वॉर्डातल्या सगळ्या वायरी त्यानेच काढून टाकल्या होत्या. आठ खाटा, आठ छोटे कम्प्युटर. पेशंटची नाडी आणि ऑक्सिजन ते वाय-फायवरून सिस्टरांच्या टेबलावर पाठवत. झोपमोड नको म्हणून खाटेजवळचा भोंगा बंद ठेवायची पद्धत होती. तो टेबलावरच वाजे. हे सगळं जोडणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, त्याची. "तिला बोटसुद्धा लावावं लागत नाही," हे तो येता-जाता ऐकवायचा. फुशारकीत त्याचा हात कोणी धरला नसता.

सहाव्या खाटेवर त्याची ताई होती. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता.

त्या दुपारी त्याने आठही कम्प्युटर एकदम रीस्टार्ट केले, आणि टेबलावरच्या पडद्यावरच्या आठ चौकटींपैकी पाच कोऱ्याच राहिल्या.

कारण कळलं तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकली. या पाच जुन्या कम्प्युटरमधली मूळ वाय-फाय कार्डं बिघडलेली होती. त्याने बाहेरून नवी लावली, पण जुनी उपसून काढायचा कंटाळा केला. जे कार्ड आधी सापडेल त्याला कम्प्युटर चालवणारं लिनक्स 'डब्लूलॅन झिरो' असं नाव देतं, आणि स्क्रिप्ट त्या नावावरच विसंबून होती. आजवर नवं आधी सापडत होतं. आज बिघडलेलं सापडलं. नेटवर्कच नाही म्हटल्यावर आपल्या खोलीत बसून दुरुस्तीही होईना. कीबोर्ड काखेत मारून तो खाटांकडे धावला.

"आधी दोन आणि तीन नंबर," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "ते नाजूक आहेत. तुमच्या ताईंना आत्ताच बघून आले, छान आहेत. त्या शेवटी."

"घाबरू नकोस रे," ताई लांबून म्हणाली. "सावकाश कर."

सावकाश कसलं! आता नाव बघायचंच नाही. प्रत्येक कार्डाच्या फोल्डरमध्ये शिरून ते वायरलेस आहे का आणि त्याचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे कार्डाचा कायमचा क्रमांक, कोणता, हे तपासायचं. नव्या कार्डांचे पत्ते त्याच्या वहीत होते. अवघ्या चार ओळींचं काम. तीन वर्षांपूर्वीच लिहिता आल्या असत्या, आळशी माणसा! तो स्वतःला शिव्या घालत होता. दोन झाला, तीन झाला. पाच. आठ.

सहावर आला तेव्हा ताईचे डोळे मिटलेले होते. डोळा लागला असेल, असं त्याला वाटलं. त्याने एंटर दाबलं आणि टेबलावरचा भोंगा किंचाळला. ऑक्सिजन एकसष्ट. सिस्टर धावल्या, डॉक्टर आले, कोणीतरी त्याला बाजूला ढकललं.

अर्ध्या तासाने ताईचा श्वास सुरळीत झाला, पण शुद्ध येईना.

"ऑक्सिजन किती वेळ खाली होता?" डॉक्टरांनी विचारलं. "मेंदूला कितपत धक्का बसलाय, ते त्यावरच ठरेल."

त्याने नोंदी उघडल्या. दोन वाजून दहा मिनिटांनी शहाण्णव. त्याच्या खालची ओळ दोन बत्तीसची, एकसष्ट. मध्ये काहीच नव्हतं.

"सांगता येत नाही, डॉक्टर," तो म्हणाला. "मीच बंद केलं होतं."