जाळीमागचा पुठ्ठा

हे मी आजपर्यंत कोणाले सांगितलं नाही. घरात नाही, ऑफिसात नाही, संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर दोस्तांसंग बसतो तिथं तं नाहीच. आता तुमाले सांगून राह्यलो — काऊन, ते मलेही नीट सांगता येत नाही. ऐकून घ्या, एवढंच.

मी मंडल ऑफिसात, म्हणजे तुमच्याकडच्या तहसिलीत, कारकून. आदिलाबादजवळ मावला गाव, तिथं घर. माझी बायको सुनंदा मराठी शाळेत मास्तरीण आहे. तिची शाळा पार आडबाजूले. दोन बस बदलून जावं लागते, अन् दुसरी बस आली तं आली. म्हणून ती गाडी चालवायले शिकली. चाळिशीत, बरं का! सकाळी सहाले उठून, पदर खोचून, मैदानात. शिकवणारा जे सांगन ते वहीत उतरवून घ्यायची — मास्तरीणच ती. त्या वहीत एक पान होतं: इंजनच्या गरमीचा काटा लालकडं सरकला की एसी बंद, गाडी बाजूले, इंजन बंद, बॉनेट उघडायचं, अन् थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाले हात लावायचा नाही. ते पान पाहून मी हसलो होतो. वीस वर्षं गाडी चालवणारा मी, मले काय वही दाखवते?

आता पुठ्ठ्याचं सांगतो. नाही, थांबा — आधी थंडीचं सांगावं लागन. आमच्या आदिलाबादची थंडी म्हणजे बापा रे, सकाळी बादलीतल्या पाण्यात बोट घालवत नाही. हायवेवरचे काही लॉरीवाले अशा दिवसांत रेडिएटरपुढं पुठ्ठा लावतात. गार वारा थेट लागत नाही, इंजन लवकर तापते. ते लॉरीवाल्यांचं काम. आमच्या लहानशा गाडीले त्याची काही गरज नव्हती. पण मले वाटलं, आपल्यालेही यातलं कळते. नव्या कुकरच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, अन् पुढच्या जाळीमागं खुपसून दिला. थंडी गेली, होळी गेली, पुठ्ठा तिथंच. मी साफ विसरलो. विसरणं काही गुन्हा नाही — असं माझ्याच मनाले मी किती वेळा सांगितलं असन!

एप्रिलात वांकिडीले माझ्या मामेबहिणीच्या पोरीचं लग्न होतं. जाताना सकाळ होती, केरामेरीचा घाट उताराचा, काही झालं नाही. परत येताना भर दुपार. पंगतीत जेवण जास्त झालं, माझे डोळे जड. सुनंदा म्हणे, मी चालवते. मी हो म्हटलं. मागं दादाची जीप होती. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, तोंडाचा फटकळ. बायांनी गाडी चालवावी हे त्याले कधी पटलंच नाही.

घाट चढायले लागलो तसा तिनं एसी बंद केला. मंग म्हणे, "अवो, काटा वर चालला. बाजूले घेते."

आरशात दादाची जीप दिसून राह्यली होती. बाई चालवत होती म्हणून घाटात थांबली — हे तो वर्षभर साऱ्या सोयऱ्यांत सांगत फिरला असता. खरं सांगू? मले गाडीची काळजी नव्हती, तिचीही नव्हती. माझ्या नाकाची होती. मी म्हटलं, "थांबू नको, चाल. घाटात होतेच. वर गेलं की उतरन." तिनं एकदा माझ्याकडं पाह्यलं. अन् चालवली, मी म्हटलं म्हणून.

दोन वळणं झाली. काटा पार लालच्या वर. बॉनेटच्या कडेनं वाफ, गोडसर जळका वास, आतून ठकठक, अन् गाडी तिथंच बसली.

दादा उतरून आला. तिच्या खिडकीशी उभा राहून मले विचारते, "काऊन रे, इले काटा दिसला नाही काय?"

सुनंदा माझ्याकडं पाहून राह्यली होती. घाबरून नाही — भरवशानं. तिले वाटलं, हे सांगतीन. अन् मी काय म्हटलं? "नवीन आहे ना, दादा. नाही समजलं तिले."

झालं? नाही, अजून आहे. दादा जीपमधून पाण्याचा कॅन आणायले गेला, सुनंदा लांब एका दगडावर जाऊन बसली. मी बॉनेट उघडलं, अन् जाळीमागं तो पुठ्ठा दिसला. तापून पिवळा पडलेला, कुकरचं चित्र अजून शाबूत. तेव्हा तरी तोंड उघडायले काय झालं होतं मले? मी मागं वळून पाह्यलं. पुठ्ठा काढला, दुमडला, अन् डिकीत स्टेपनीखाली सरकवला.

मेकॅनिकनं इंजन खोललं. इंजनचा वरचा भाग, हेड म्हणतात तो, तापून वाकडा झाला होता. "गरम गाडी चलाए साब, रुकना था," तो म्हणे. सुनंदा तिथंच उभी होती, तिनं मान हलवली. घरी आल्यावर मले म्हणे, "तुमी काही म्हटलं तरी मीच थांबायले पायजे होतं. माझ्या वहीत लिहून होतं." दादाले ती एका शब्दानं बोलली नाही, की यांनीच चाल म्हटलं. अन् पुठ्ठ्याचं तं तिले आजही माहीत नाही.

त्या दिवसापासून तिनं स्टेअरिंगले हात लावला नाही. नऊ वर्षं झाली. दोन बस, अन् उन्हात फाट्यावर उभी. मी मधी मधी म्हणायचो, चालव आता, काही होत नाही — हो, मोठ्या मनानं म्हणायचो, माफ केल्यासारखं! काय निर्लज्ज असते माणूस.

मागच्या महिन्यात आमच्या पोरीनं नवी गाडी घेतली. ती आता नोकरीले आहे. शोरूममधी आमी रंग पाहून राह्यलो होतो, अन् सुनंदानं पहिले विचारलं, "काटा कुठं आहे?" या गाडीले काटा नाही, तापली तं लाल दिवा लागते, असं तिथला माणूस म्हणे. पोरीनं चावी तिच्या हातात ठेवली. "आई, पहिले तू चालव."

सुनंदानं चावी परत दिली. हसली अन् म्हणे, "नको बाई. मी एक गाडी जाळली आहे."

मी तिच्यापासून दोन हात अंतरावर उभा होतो, पेढ्यांचा डबा धरून. गाडी मी जाळली — तीन शब्द होते. तोंडापर्यंत आलेही असतीन, मले आठवत नाही.

मी डब्याचं झाकण उघडलं अन् पेढे वाटले. पहिला तिच्या हातावर ठेवला.