काकूंचा मंगळवारचा फॉल्ट

नेट जोडणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत, लोक स्वतः फोन करून देतात! आमचं ऑफिस नौपाड्यात, माणसं तीन, आणि त्यात मी एक नंबरचा भित्रा. मोबाइल वाजला की आधी देवाचं नाव घेतो! कुणाची परीक्षा अडलीय, कुणाचा इंटरव्ह्यू, काय माहीत!

*

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमधले नेनेकाका. आधी त्यांच्याकडे जाड केबलचं नेट होतं. तुटली की काका स्वतःच तार सोलायचे, पीळ मारायचे, वर चिकटपट्टी. मग आम्ही फायबर टाकलं. कपाट सरकवताना तेही तुटलं. मी गेलेलो, तर काका चिकटपट्टी लावून खुशीत बसलेले!

"काका, आत तार नाहीये हो, काच आहे! केसाएवढी!"

"मग आधी नाही का सांगायचंस? गम लावला असता!"

*

कोलशेतच्या नव्या टॉवरमधलं एक घर. फायबर पोचायचं होतं, तोवर डोंगलवर कारभार. रेंज फक्त गॅलरीच्या कोपऱ्यात. मी वायर टाकायला पोचलो, तर आत मुलीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आणि गॅलरीत तिचे वडील डोंगल वर धरून उभे. घामाघूम!

"द्या, मी धरतो."

"नको! हात बदलला आणि नोकरी गेली तर?"

इंटरव्ह्यू संपेपर्यंत मीही शेजारी श्वास रोखून उभा. नोकरी लागली. पेढे मात्र डाव्या हाताने दिले. उजवा खांदा अजून वर जात नव्हता.

*

सुषमाकाकू ऑफिसच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये एकट्या राहतात. बायपास झाल्यावर त्यांच्या मुलीने, मानसीताईने, हॉलमध्ये कॅमेरा लावला. नेट गेलं की कॅमेरा बंद, लगेच ताईच्या मोबाइलवर मेसेज, आणि पुढच्या मिनिटाला मला फोन.

"निलेश, पळ रे! आई फोन उचलत नाहीये!"

पळालो. काकूंनी दार उघडलं. आत तीन मैत्रिणी, पत्त्यांचा डाव आणि ताटात गरमागरम साबुदाणा वडे! पॅसेजमधल्या राउटरचा प्लग काढलेला.

"मंगळवारचा उपास आहे," काकू म्हणाल्या. "डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय, आणि ती कार्टी कॅमेऱ्यातून माझं ताट बघते!"

"मग मी ताईंना काय सांगू?"

"फॉल्ट तुमच्याकडचा सांग. हा घे वडा."

तेव्हापासून दर मंगळवारी चार वाजता नेट जाणार, मी 'रिपेरिंग'ला जाणार. ताईच्या शिव्या खायच्या, काकूंचे वडे खायचे. पण खरं सांगतो, वडा खाताना मनात यायचंच. एखाद्या दिवशी खरंच काही झालं तर?

*

परवा ताईचा फोन. "परत कॅमेरा बंद! मी मीटिंगमध्ये आहे, आई फोन उचलत नाहीये. कसली रे तुमची सर्व्हिस?"

"मेन लाइनचा फॉल्ट आहे ताई, बघतो," मी सवयीने म्हटलं. नुकताच चहा आलेला. म्हटलं, पिऊन निघू. अर्धा कप संपला आणि समोरच्या कॅलेंडरवर नजर गेली.

बुधवार! आणि सकाळचे अकरा!

कप तिथेच टाकून सुटलो. जिने कसे चढलो, आठवत नाही. शेजाऱ्यांकडे किल्ली होती. दार उघडलं. काकू पॅसेजमध्ये आडव्या, एक पाय वाकडा झालेला. मोबाइल आत ओट्यावर वाजतोय. हातात राउटरचा उपटलेला प्लग, घट्ट धरलेला.

मी रडकुंडीला आलेलो. काकू माझ्यावरच डाफरल्या,

"किती वेळ लावलास रे! मंगळवारी तर पाच मिनिटांत येतोस!"